वास न येणारं दुखणं

आमच्या घरात शिरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला उंबऱ्यावर उभं राहून आईच्या तोंडासमोर ‘हा’ करावं लागे. वडील असोत, भाऊ असो, गावाहून आलेला मामा असो, सुटका नाही. आई पदराला हात पुसत पुढे यायची, मान वर करायची आणि म्हणायची, "हा कर." समोरच्याने तोंड उघडून श्वास सोडला की ती क्षणभर डोळे मिटायची आणि मगच दारातून बाजूला व्हायची. एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही ती सवयीने "हा करा" म्हणून गेली. ते बिचारे नवीन होते. त्यांना वाटलं, ही मालवणकडची काही रीत असेल. त्यांनी केलं. वडिलांना आठवडाभर चाळीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि आई मात्र ज्याला त्याला सांगत सुटली, "पियाक नाय हां भटजी. चांगलो माणूस."

गोष्ट हसण्यासारखीच आहे, पण तिच्यामागे माझा काका होता. आम्ही भांडुपला डोंगराच्या चढावर राहायचो. वडील आणि काका एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संप लांबला, गिरणी काही उघडली नाही. वडिलांनी मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. काकाला ते जमलं नाही. कापड विणायच्या साच्यावर उभा राहणारा माणूस गेटवर बसून सलाम कसा ठोकणार, असं तो म्हणायचा, आणि तेवढ्यावरून हातभट्टीच्या गुत्त्यावर जायचा. आईने विचारलं की, "नाय गो वयनी, शपथ घेव काय?" असं गोड बोलायचा आणि आई विश्वास ठेवायची. पिवळा पडून तो आमच्याच घरात गेला. त्याचं सगळं आईने काढलं. त्यानंतर तिने ठरवलं की पुरुषाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा नाही, आपल्या नाकावर ठेवायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तिचं झालं.

नाकाखेरीज तिच्याकडे आणखी एक कसोटी होती. दारू पिणारा माणूस गोड खात नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला तिखट लागतं, सुकट लागते, भाजलेला बांगडा लागतो. काकाने शेवटच्या वर्षी गणपतीच्या मोदकालासुद्धा हात लावला नव्हता. म्हणून ‘हा’ झालं तरी आईचं समाधान पूर्ण व्हायचं नाही. ती वाटीत शिरा किंवा गूळ-खोबरं घालून समोर ठेवायची आणि माणूस खातो की नाही ते बघायची.

माझा भाऊ या दोन्ही परीक्षांत कायम पहिला आला.

तसा तो सगळ्याच परीक्षांत पहिला यायचा. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी दहावीनंतर एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, कारण संपात घर कोणीतरी चालवायला हवं होतं आणि माझं डोकं काही त्याच्यासारखं नव्हतं. तो पालिकेच्या मराठी शाळेतला हुशार मुलगा. बारावीला चांगले मार्क पडले, इंजिनिअरिंगला नंबर लागला, तेव्हा चाळीने माघी गणपतीत त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. तेव्हापासून चाळीतल्या लोकांनी त्याचं खरं नावच टाकून दिलं. "काय इंजिनिअर, कुठे चालला?" "इंजिनिअर, आमची इस्त्री बघ ना यार." तो लाजायचा. पहिल्या वर्षी तरी लाजायचा.

कॉलेजात काय झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं. सगळं इंग्रजीत. आजूबाजूची मुलं भराभर लिहून घ्यायची आणि याला शब्द दिसायचे पण त्यांचा अर्थ लागायचा नाही. पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले, पुढच्या परीक्षेत आणखी. घरी त्याने काही सांगितलं नाही. सांगणार कोणाला? वडिलांना ‘नापास’ एवढंच कळलं असतं आणि आईने दृष्ट काढली असती. मला फक्त इतकंच दिसत होतं की त्याची झोप गेलीय. दहा बाय बाराची खोली, चार माणसं, कोण जागं आहे ते लपत नाही. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं, अभ्यासाचं टेन्शन." जेवण कमी झालं. रविवारी मैदानात जाणं बंद झालं. आम्ही समजलो, मुलगा गंभीर झाला. आमच्यात गंभीर मुलाचं कौतुकच असतं.

मग एक दिवस तो बरा झाला. निदान आम्हाला तसं वाटलं. झोपायला लागला. आई एवढी खूश, की शेजारणीला बोलावून दाखवलं, "बघ गो, कसो शांत निजलो हा." गोड तर असं खायला लागला की विचारू नका. साखर नुसती चमच्याने खायचा. आई रोज शिरा करायची, वाटी चाटूनपुसून परत यायची. दारात ‘हा’ करायचा, सिगरेटचा वास यायचा, तो आईला चालायचा. विडी-काडी पुरुषांनी ओढायचीच, त्याने कोणी मरत नाही, असं तिचं मत. डोळे जरा बारीक, नाक खाजवत बसायचा, कॉमन संडासात गेला की लवकर बाहेर यायचा नाही आणि रांगेतले लोक दार बडवायचे. आंघोळीचा कंटाळा. अंग उतरत चाललं होतं. पण आईच्या दोन्ही कसोट्यांवर तो चोख होता, आणि ती चाळभर सांगायची, "माझो झील दारूक शिवणा नाय."

खरंच शिवत नव्हता. दारूला कशाला शिवेल? तो गर्द ओढत होता.

त्या काळात उपनगरांत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पानपट्टीवरच्या सुपारीसारखी मिळू लागली होती. सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीवर ती तपकिरी भुकटी ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर नळीने ओढायचा. कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्याच्या वर्गातल्या एका मुलाने त्याला ती पहिल्यांदा दिली, पैसे न घेता. या मुलाला मी पुष्कळ वर्षं शिव्याशाप दिले. नंतर कळलं की तोही बिचारा झोप न येणाराच होता.

हे सगळं उघडं झालं ते गावी, गणपतीत. आम्ही एसटीने गेलो. त्याने सोबत नेलेलं संपलं असणार, कारण गणपती बसले त्याच दिवशी त्याला जांभया सुरू झाल्या. मग नाक वाहू लागलं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, पाय झाडत अंगणात लोळायला लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरतीला वाडी जमलेली. कोणी म्हणालं ताप, कोणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलंय, तिठ्यावरून येताना ओलांडलं असेल. वडिलांनी ठरवलं की सकाळी देवीला कौल लावायचा. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी यावरून ती काय सांगते ते समजून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. गुरवाला निरोप गेला. नारळ काढून ठेवले.

आई पडवीत खोबरं खवत होती. तो कसाबसा उठून तिच्यापाशी आला आणि खाली बसला. मी तिथेच तांदूळ निवडत होते.

"आई, देवीला नको विचारू," तो म्हणाला. "मी सांगतो. मी गर्द ओढतो."

आईला शब्दच कळला नाही. "काय ओढतस?"

"गर्द. पावडर असते. नशेची. दीड वर्षं झाली."

आईचा हात विळीवर थांबला. ती रागावली नाही, रडली नाही. खरंच न समजल्यासारखं तिने विचारलं, "पण मी रोज वास घेय ना रे?"

"तिचा तसा वास येत नाही गं आई."

"आणि गोड? गोड खाय होतस तू?"

"त्याच्यानेच खावंसं वाटतं."

माझ्या आईचा चेहरा मी काका गेला तेव्हाही पाहिला होता, नंतर वडिलांच्या शेवटच्या आजारातही पाहिला. पण त्या दुपारी दिसला तसा कधी नाही. चौकीदाराने रात्रभर दरवाजा राखावा आणि सकाळी बघावं तर मागची भिंतच नाही, तशी ती बसली होती. मग तिने खोबऱ्याचा हात पदराला पुसला आणि त्याला कुशीत घेतलं. तो थरथरत होता आणि ती त्याच्या अंगावरचा काटा हाताने खाली बसवत होती. मला तेव्हा त्याची एवढी दया आली, की तांदळातले खडे दिसेनात.

कौल लावला नाही. परत आल्यावर पालिकेच्या इस्पितळात त्याला भरती केलं. तिथे व्यसनी मुलांचा एक लहानसा वॉर्ड होता आणि एक डॉक्टरीणबाई होत्या, मध्यम वयाच्या, केस कसेतरी बांधलेल्या. अंगातलं विष उतरलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं आणि विचारलं, "गर्दच्या आधी काय होतं?"

"आधी काय?" वडील म्हणाले. "आधी सोन्यासारखा मुलगा होता."

"तुम्हाला नाही. त्याला विचारतेय."

तो जमिनीकडे बघत बोलला. झोप येत नव्हती. सकाळ झाली की छातीत धडधड व्हायची. कॉलेजच्या फाटकाशी जाऊन परत फिरायचो. कशातच मन लागत नव्हतं, कॅरममध्येपण नाही. सगळे ‘इंजिनिअर’ म्हणायचे तेव्हा वाटायचं, मेलो तर बरं. पहिल्यांदा गर्द घेतली त्या दिवशी डोकं शांत झालं. पहिल्यांदा झोपलो.

आईने माझा हात घट्ट धरला. "मेलो तर बरा?" ती पुटपुटली. तिला बाकी काही ऐकूच आलं नव्हतं.

बाईंनी साध्या शब्दांत समजावलं. याला मनाचा आजार आहे, डिप्रेशन म्हणतात. तो आधीचा. गर्द हे त्याने अंधारात शोधलेलं औषध, औषध कसलं, विषच. नुसती गर्द सोडवली आणि मूळ दुखणं तसंच ठेवलं, तर तो पुन्हा तिकडेच जाणार. त्याला गोळ्या लागतील, पुष्कळ महिने. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी मनाच्या ओपीडीत यायचं. गोळ्या तेवढ्याच दिवसांच्या मिळतील. आणि एकट्याला पाठवायचं नाही.

वडील बाहेर आल्यावर म्हणाले, "गर्दचा ठीक आसा. लोकांका सांगू येता, सोबत वाईट होती. पण वेड्यांच्या डॉक्टरकडे? आणि ह्या चेडवाचा लगीन?" हे माझ्याकडे बोट दाखवून. त्यांचंही अगदी चुकत नव्हतं. आमच्या चाळीत दारुडे ढीगभर होते आणि त्यांच्या बहिणींची लग्नं धूमधडाक्यात झाली होती. पण घरात वेड आहे असं एकदा कोणाच्या तोंडून निघालं की मुलगी कायमची घरात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणत राहिले. कोणीतरी त्याला ओपीडीच्या रांगेत पाहिलं आणि वडिलांना येऊन सांगितलं, तेव्हा तर त्यांनी ते जाणंच बंद केलं. मुलगा आता धडधाकट दिसतो, कशाला गोळ्या?

गोळ्या बंद झाल्या, झोप गेली, आणि पावसाळ्याआधीच तो परत त्या गल्लीत पोचला होता. या वेळी तो आम्हाला सापडला तेव्हा श्वास जेमतेम चालू होता. वाचला. बाईंनी वडिलांकडे बघून सांगितलं की पुढच्या वेळी मला बोलावू नका, कारण तेव्हा माझं काही काम उरलेलं नसेल. त्या रागाने बोलल्या नव्हत्या, दमून बोलल्या होत्या. तेव्हापासून एकही गुरुवार चुकवायचा नाही असं आईने ठरवलं, आणि वडील त्याबद्दल बोलेनासे झाले.

त्यातच मला बघायला येण्याचं ठरलं. मुलगा ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात फिटर, आमच्याच गावाकडचा. त्याच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी. म्हणजे यायचे तर गुरुवारीच. वडिलांनी हिशेब मांडला: दहाला येतील, पोहे, चहा, अर्ध्या तासात उठतील, मग तू त्याला घेऊन जा. ओपीडीची खिडकी बाराला बंद होते. आईने आदल्या दिवशी गोळ्यांची पट्टी बघितली, शेवटची गोळी त्याच रात्रीची होती.

वरपक्ष वेळेवर आला असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. अकरा वाजून गेले तेव्हा ते चढ चढून आले, मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. भावाला वडिलांनी शेजारच्या खोलीत बसवलं होतं. मी आईची हिरवी रेशमी साडी नेसले होते, केसांत अबोलीचा वळेसर, हातात ट्रे. मुलगा मला आवडला. सरळच सांगते, आवडला. पोहे खाताना खाली सांडले ते त्याने हळूच उचलून खिशात टाकले, ते मी पाहिलं आणि मला हसू आलं, त्यालाही आलं.

आत्याने शिवणटिपण येतं का विचारलं, मासे कोणते येतात विचारलं, मग विचारलं, "भाऊ काय करतो?"

"इंजिनिअरिंगला आहे," वडील म्हणाले. "कॉलेजात गेलाय."

आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आत्याने गावाकडच्या जमिनीचा विषय काढला. आईने आणखी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि उभी राहिली.

"आमका आता निघूक व्हया," ती म्हणाली. "माझ्या झिलाक दवाखान्यात न्यायचो आसा."

वडिलांनी तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी कोणी असती तर खाली बसली असती.

"काय झालंय त्याला?" आत्याने विचारलं.

वडिलांनी ‘ताप’ म्हणायला तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "मनाचा दुखणा आसा तेका. गर्द ओढी होतो. आता सुटली हा, पण गोळ्यो चालू आसत. आज नाय गेलाव तर खाडो पडता. तुमी चाय घेवा, सावकाश बसा." मग मला म्हणाली, "तू पण चल गो. हय बसान काय करतलंस?"

मुलगा बशीकडे बघत राहिला. मी ट्रे खाली ठेवला आणि आईच्या मागून निघाले. शेजारच्या खोलीतून तिने भावाला हाताला धरून बाहेर काढलं. राग आला होता, खूप. हातातोंडाशी आलेला घास आईने आपल्या हाताने काढून घेतला होता, आणि तो कोणासाठी, तर माझ्या भावासाठी. भावावरही आला. आणि चढ उतरताना त्याची पाठ बघितली, सदरा हँगरला लावल्यासारखा लोंबत होता, तेव्हा तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

रिक्षा मिळाली. खिडकी बंद करता करता कारकुनाने केसपेपर दिला. ओपीडीच्या बाकावर आम्ही तिघं बसलो, मधे मी, त्या हिरव्या रेशमी साडीत.

"ताईचं लग्न मोडलं ना माझ्यामुळे?" भाऊ म्हणाला.

"तिका घोव गावतलो," आई म्हणाली. "झील माका दुसरो खय गावतलो?"

तो मान खाली घालून बसला. समोरच्या बाकावर एक म्हातारी होती, आपल्या सुनेला घेऊन आलेली. ती मघापासून मला न्याहाळत होती. माझी साडी, फुलं, बांगड्या, कपाळावरची ठसठशीत टिकली. शेवटी ती पुढे वाकली आणि फार मायेने आईला विचारलं, "बाई, कधीपासनं होतंय हो हिला? अशीच नटून बसते का सारखी?"

माझं तोंड उघडंच राहिलं. बाजूला काहीतरी हललं. मला वाटलं भाऊ रडतोय. पण तो हसत होता. आधी नाकातून, मग तोंडावर हात दाबून, मग हात काढून, अगदी मोकळा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ताई," तो म्हणत होता, "ताई गं, कधीपासनं होतंय तुला?" तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मीसुद्धा हसायला लागले, त्या म्हातारीसमोर, साडी चुरगळत.

आतून वॉर्डबॉयने आमचा नंबर पुकारला. कोणी उठलं नाही म्हणून तो दारात आला आणि खेकसला, "ओ बाई, नंबर तुमचाच ना? चला आत, टाइम नाहीये."

आईने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "माझो झील हसताहा."